गुंजीचे टाके आणि बिनबुडाची बादली

डॉक्टर पट्टा सोडत होते आणि तो काही केल्या संपत नव्हता.

आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जुन्या नऊवारीची उभी फाडलेली पट्टी होती ती. फेटा उतरवावा तसा डॉक्टर एकेक वेढा काढत होते आणि दर वेढ्याला आतून ओवा गळत होता. बारामतीच्या जनावरांच्या दवाखान्यातलं पत्र्याचं टेबल, त्यावर आडवी पडलेली आमची तांबडी कुत्री गुंजी, आणि तिचं डोकं धरून उभी मी. शेवटचा वेढा कातडीला चिकटला होता. डॉक्टरांनी त्यावर सलाइन ओतलं, तो भिजू दिला, हळूच सोलून काढला आणि खाली वाकून बघितलं.

मग म्हणाले, "वाऊंड डिहिसन्स."

माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी लगेच समजावलं. डिहिसन्स म्हणजे जखम उसवणं. धान्य भरलेल्या पोत्याची शिवण जशी ताणून उसवते, तसे टाके सुटून जखमेच्या कडा एकमेकींपासून लांब जातात. गुंजीची गर्भपिशवी त्यांनीच काढली होती, आठवडासुद्धा झाला नव्हता. जखम तेव्हा बोटभर, सरळ आणि सुबक होती. आता तिथं ओलं, पिवळट, उघडं तोंड होतं.

"हे कोणी बांधलं?"

"बांधलंय घरात कुणीतरी," मी म्हणाले.

घरातलं कुणीतरी म्हणजे कोण, हे गुंजीला पक्कं ठाऊक होतं. एवढ्या तापातही तिनं डोळा वर करून माझ्याकडं बघितलं.

ही गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. आता मी जळोचीला धाकट्या लेकाकडं राहते. समोरच्या घरातल्या मुलीनं मागच्या महिन्यात तिच्या कुत्रीचं असंच ऑपरेशन केलं. त्या कुत्रीच्या गळ्यात डॉक्टरांनी दिलेलं प्लॅस्टिकचं नरसाळं होतं. मुलगी दारात उभी राहून रडवेल्या तोंडानं म्हणाली, "आजी, मला हे बघवत नाही. काढून टाकू का?" मी तिला आत बोलावलं, चहा दिला आणि गुंजीची गोष्ट सांगितली. नरसाळं राहिलं. म्हटलं, अशी आणखी कुणी कुठल्या दारात उभी असेल, तिच्यासाठी लिहूनच ठेवावं.

गुंजी आमच्याकडं कुठून मागून आणलेली नव्हती. आम्ही तेव्हा कन्हेरीला राहायचो. माझ्या सासऱ्यांची, तात्यांची, एके काळी मोठी मेंढरं होती. त्या मेंढरांमागं जी कुत्री चालायची, तिच्या लेकीची लेक म्हणजे गुंजी. पुढं रानाला पाणी आलं, सगळीकडं ऊस उभा राहिला, चरायला जागा उरली नाही, तेव्हा तात्यांनी मेंढरं काढून टाकली. चार शेळ्या राहिल्या आणि गुंजी राहिली. तात्यांनी दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली की ती चार शेळ्यांना अशी वळवून आणायची, जशी काही मागं अजून दोनशे मेंढरं आहेत.

तिची अडचण एकच. ती वर्षातून दोनदा व्यायची आणि आमचं घर रस्त्याला लागून. साखर कारखाना सुरू झाला की त्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जायचे, दोन-दोन ट्रॉल्या मागं लावून. पिल्लांना पाय फुटले की ती रस्त्याकडं पळायची. शेवटच्या वेतातलं एकही राहिलं नाही. गुंजी कितीतरी दिवस रस्त्याच्या कडेला जाऊन एक ठरावीक जागा हुंगत बसायची.

मी त्या वेळी पस्तिशीची, दहावी पास आणि भयंकर शहाणी. रेडिओवरचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम मी एकही चुकवायची नाही, त्यामुळं पिकावरची कीड, म्हशीचा दुधाचा ताप आणि बायकांचं रक्त कमी होणं या तिन्ही विषयांवर मी गावाला फुकट सल्ले द्यायची. अशाच एका कार्यक्रमात कुत्रीच्या ऑपरेशनचं ऐकलं. त्याला स्पेइंग म्हणतात. पोट उघडून गर्भपिशवी आणि अंडाशय काढून टाकतात, मग कुत्री माजावर येत नाही आणि विण्याचा प्रश्नच उरत नाही. माझं तिथंच ठरलं.

तात्यांना सांगायचं होतं. आमच्या घरात सासरे सुनेशी थेट बोलत नसत. तात्या माझ्या मालकांकडं बघून बोलायचे, आणि मालक घरात नसले तर दाराच्या चौकटीकडं बघून. मीही डोक्यावरचा पदर पुढं ओढून चौकटीलाच उत्तर द्यायची. त्या चौकटीनं आमच्या घरातले जितके निरोप ऐकलेत, तितके पोस्टमननंसुद्धा वाहिले नसतील.

मी सांगितलं तेव्हा तात्यांनी आधी गुंजीच्या पाठीवरून हात फिरवला. मग चौकटीला म्हणाले, "तिला म्हणावं, माझ्या मेंढरांतलं एवढंच राहिलंय. बघ म्हणावं."

"म्हणावं काय होत न्हाय," मी चौकटीला सांगितलं. "सकाळी न्यायची आन् सांच्याला आणायची."

ज्या बाईनं जन्मात ऑपरेशन बघितलं नव्हतं, तिच्या आवाजातली ती खात्री मला आजही ऐकू येते आणि आजही चापट मारावीशी वाटते.

ऑपरेशन मात्र छान झालं. दवाखान्यात सगळ्या गाई-म्हशी आणि त्यांच्या रांगेत आम्ही एक कुत्री घेऊन. एका म्हाताऱ्यानं विचारलं, हिला दूध किती? संध्याकाळी गुंजी गुंगीत घरी आली. निघताना डॉक्टरांनी मला नीट सांगितलं होतं. आजच्या दिवस ऊब द्या, कारण भुलीच्या औषधानं अंग गार पडतं. जखम कोरडी आणि मोकळी ठेवा. आणि चाटू देऊ नका, त्यासाठी एखाद्या प्लॅस्टिकच्या बादलीचं बूड कापून तिच्या गळ्यात अडकवा, म्हणजे तोंड पोटापर्यंत पोहोचणार नाही.

मी प्रत्येक वाक्याला मान हलवली. मान हलवणं हा माझा तेव्हाचा सगळ्यात मोठा गुण होता.

घरी आल्यावर बादली पुढं घेतली आणि विळा हातात धरला, तेवढ्यात मला आमची शेजीबाई दिसली. म्हटलं, बादली घातलेली कुत्री गावातून हिंडली तर ही बाई वर्षभर हसेल. आत्याबाई म्हणाल्या, "चांगली बादली कशाला फोडतीस? चाटू द्यायचं न्हाय एवढंच ना? पोट बांध. मग कुठनं चाटंल?"

आता आमच्याकडं पोट बांधायचं म्हणजे एकच गोष्ट माहीत. बाळंतिणीचं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आत्याबाईंनी माझं पोट असं करकचून बांधलं होतं की मी श्वाससुद्धा त्यांना विचारून घ्यायची. त्यांचं म्हणणं, पोट मोकळं राहिलं की वारं शिरतं. मग ते बाईचं असो नाहीतर कुत्रीचं, व्यालेलं असो नाहीतर कापलेलं.

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटण्याच्या आधीच आवडलं. गुंजीला आता कधीच पिल्लं होणार नाहीत, हे मी ठरवलं होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं. ते मनात कुठंतरी टोचत होतं. पिल्लं नाहीत तर नाहीत, निदान बाळंतिणीचं कौतुक तरी होऊ दे, असं माझ्या वेड्या डोक्यात आलं. म्हणून मग नऊवारीची पट्टी आली. पट्टीच्या घड्यांत गरम केलेला ओवा आला. जखमेवर तेलात कालवलेली हळद आली. डॉक्टरांनी एका दिवसाची ऊब सांगितली होती, आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ बाजेखाली शेगडी ठेवली आणि बाजेवर गुंजी. वरून ओव्या-शेपांची धुरी. खायला हळिवाची खीर. बाळंतपण बंद करायच्या ऑपरेशनचं आम्ही साग्रसंगीत बाळंतपण केलं. फक्त पाचवी पुजायची राहिली होती.

आता काय झालं ते ऐका, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही.

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांनी पट्ट्याखाली लिंबाएवढी सूज आली. कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये पाणी साठतं, त्याला सेरोमा म्हणतात. हे बऱ्याचदा होतं. कुत्री फार हलली की होतं, आणि डॉक्टरांनी वेळेवर बघितलं तर बहुतेक वेळा आपोआप जिरतं. आम्ही डॉक्टरांना दाखवलं नाही. आत्याबाई म्हणाल्या वात धरलाय, आणि पट्टा आणखी घट्ट केला. आत घाम, वर तेल, खाली शेगडी. त्या दमट उबेत जंतूंची चंगळ झाली. जखमेला वास येत होता तो धुरीनं आम्हाला कळला नाही. आमच्या घरात त्या आठवड्यात इतका सुवास होता की बघायला आलेली शेजीबाई म्हणाली, अगदी माहेरी आल्यासारखं वाटतंय.

कळलं ते तात्यांना. दिवस मावळायच्या आत ते शेळ्या घेऊन आले आणि सवयीनं शीळ घातली. गुंजीला अजून उठायचं नव्हतंच, पण रोज तिचे कान तरी उभे राहायचे. त्या दिवशी कानही हलला नाही. तात्या बाजेपाशी गेले, त्यांनी तिच्या नाकाला हात लावला, ओठ उचलून हिरडी बघितली. हिरडी गुलाबी असायची ती राखेसारखी झाली होती.

ते चौकटीकडं वळले. "तिला म्हणावं, ही शीळ ऐकंना. दवाखाना गाठ म्हणावं, आत्ताच्या आत्ता."

मालकांनी शेजारच्या माणसाची जीप आणली आणि आम्ही दवाखाना बंद होता होता पोहोचलो. तर अशी मी त्या पत्र्याच्या टेबलापाशी आले होते.

डॉक्टरांनी पुढं बोट घालून तपासलं. त्यांना बघायचं होतं ते हे की फक्त वरची कातडी उसवली आहे की आतला थरही. पोटाला टाके थरांनी घालतात. वरचा थर गेला तर जखम भरायला उशीर लागतो एवढंच. आतला स्नायूंचा थर गेला तर आतडी बाहेर येऊ शकतात. आतला थर एका टोकाला सुटला होता आणि तिथून चरबीचा एक पदर डोकावत होता. त्याला ओमेंटम म्हणतात, आतड्यांवरचं पांघरूण म्हणा ना. डॉक्टर म्हणाले, हा पदर आडवा आला म्हणून बरं, यानंच भोक बुजवून धरलंय.

"पुन्हा उघडून धुवावं लागेल. अंगात ताप असताना भूल द्यायची म्हणजे धोका आहे. पण न करण्यात जास्त धोका आहे."

मी मान हलवली. या वेळी ऐकून हलवली.

दवाखान्याबाहेर कडुनिंबाखाली एक बाकडं होतं. तिथं बसून मी हाताला चिकटलेली हळद काढत राहिले. आजूबाजूला कुणी गाय धरून होतं, कुणी पाठीवर झूल घातलेली म्हैस. मी गुंजीसाठी रडत होते असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, अर्धी तिच्यासाठी आणि अर्धी त्या चौकटीला भिऊन. तात्यांच्या मेंढरांतलं जे एवढंच राहिलं होतं, ते मी हळदीत बुडवून शेकून काढलं होतं. गुंजी गेली तर तात्या मला एका शब्दानं बोलणार नव्हते. चौकटीलासुद्धा काही सांगणार नव्हते. तेच नको होतं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचे हात धुतलेले होते. त्यांनी सडलेल्या कडा कापून काढल्या होत्या, आतून जाड नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलं होतं आणि खालच्या टोकाला पाणी निचरायला मुद्दाम एक छोटं तोंड ठेवलं होतं.

"जगेल ना?" मी विचारलं.

"आज मी तसं म्हणणार नाही," ते म्हणाले. "ताप उतरला, ती आपणहून जेवली आणि जखम कोरडी राहिली, की म्हणेन."

मग ते आत गेले आणि दवाखान्यातली निळी बादली घेऊन आले. स्वतः करवतीनं तिचं बूड कापलं, कडेला भोकं पाडून नाडा ओवला आणि गुंजीच्या गळ्यात अडकवली. मला म्हणाले, "बादली आता मीच देतोय. म्हणजे तुमची खराब व्हायला नको." यात टोमणा होता की दया, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही घेतलं.

रोज इंजेक्शन आणि ड्रेसिंग लागणार होतं. दुसऱ्या एका डॉक्टरांच्या रजेमुळं आमचे डॉक्टर पुढचे काही दिवस इंदापूरच्या दवाखान्यात असणार होते. माझं माहेर शेळगाव, इंदापूर तालुक्यातलंच. मालक म्हणाले, तू तिकडंच जा, मी घरी सांगतो. दुसऱ्या दिवशी मी माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले, मांडीवर गुंजी आणि गुंजीच्या तोंडाभोवती निळी बादली. मागून एका आजोबांनी वाकून बघितलं आणि फार कळवळून म्हणाले, "डोस्कं आडाकलंय व्हय गं? थोडं त्याल लाव, सुटंल."

तेलाचं नाव काढू नका, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

माझ्या भावानं पडवीत कोरडी पोती अंथरून दिली. रोज सकाळी आम्ही इंदापूर गाठायचं, ड्रेसिंग करायचं, परत यायचं. जखम बरी दिसायला लागली. खालच्या तोंडातून येणारं पाणी आधी गढूळ होतं, ते निवळलं. पण ताप थोडा राहिलाच होता, आणि गुंजी खात नव्हती. डॉक्टर शिरेतून सलाइन देत होते, पण ते म्हणाले, सलाइनवर जखम भरत नाही, अन्नावर भरते.

मी दूध-भाकरी केली, अंडं कुस्करलं, मटणाचं सूप केलं. ती ताटलीकडं यायची, मान खाली घालायची आणि बादली जमिनीला टेकली की कळवळून मागं सरायची. बादलीची कापलेली कड तिच्या मानेला घासून मान सोलली होती. मला ते बघवेना. वाटायचं, काढून टाकावी ती बादली, खाऊ दे पोटभर. एकदा खरंच नाडा सोडला. ताटलीकडं ढुंकून न बघता तिनं वळून थेट जखमेलाच जीभ लावली. मी झडप घालून बादली परत चढवली. घातली तर उपाशी, काढली तर उसवणार. मी त्या पडवीत तिच्यासमोर बसून राहायची. शहाणपणा संपला की माणूस कसं शांत बसतं, ते मला तिथं कळलं.

एका दुपारी अंगणात तात्या उभे. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. व्याही आले म्हटल्यावर भावाची धांदल उडाली. पाय धुवायला पाणी आलं, वहिनीनं चुलीवर चहा ठेवला, भाऊ कोंबडं धरायला निघाला. तात्यांनी त्याला हातानं थांबवलं.

"कोंबडं राहू द्या, पाव्हणं. मी तुमच्याकडं आलो न्हाय. मी गुंजीकडं आलोय."

ते पडवीत येऊन खाली बसले. मी पदर ओढून खांबामागं झाले. शेळगावच्या त्या पडवीला चौकट नव्हती, त्यामुळं आमची दोघांचीही पंचाईत झाली. मी खांबाला सांगितलं की खात न्हाय, बादली लागतीया, काढली तर चाटतीया. तात्यांनी ऐकलं. गुंजीची मान बोटांनी चाचपली, बादलीची कड चाचपली. तिनं शेपूट एकदा आपटलं.

मग त्यांनी खांद्यावरचं घोंगडं उतरवलं, मांडीवर पसरलं आणि भावाकडं विळा मागितला.

आमच्यात घोंगडं म्हणजे काय ते कसं सांगू. ते देवापुढं अंथरतात, त्यावर नवरा-नवरी बसतात. हे घोंगडं तर त्यांच्याच शेवटच्या मेंढरांच्या लोकरीचं होतं. त्याच्यावर कुणी पाय देत नसे. तात्यांनी त्याच्या कडेची हातभर पट्टी विळ्यानं कापली. खिशातून दाभण आणि दोरा काढला. म्हणजे घरून निघतानाच ठरवून आले होते. बादली काचत असणार हे त्यांनी मालकांकडून नुसतं ऐकूनच ओळखलं होतं. बादलीचा गळ्याकडचा काठ त्यांनी त्या लोकरीच्या पट्टीत गुंडाळला आणि शिवायला घेतला. बादली हलायला लागली, टाका नीट पडेना.

त्यांनी मान वर केली. खांबाकडं नाही, भावाकडं नाही. माझ्याकडं बघितलं.

"धर," म्हणाले.

लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी माझ्याशी थेट बोललेला तो पहिला शब्द. मी पुढं झाले आणि दोन्ही हातांनी बादली धरली. पदर डोक्यावरून सरकला तो तसाच राहिला.

शिवून झाल्यावर त्यांनी एक पाटी पालथी घातली आणि तिच्यावर दूध-भाकरीची ताटली ठेवली, म्हणजे मान वाकवायला नको. मग जरा लांब जाऊन शीळ घातली. अगदी हळू. गुंजीचे कान बादलीच्या आत उभे राहिले. ती उठली, लोकर मानेला लागल्यावर क्षणभर थबकली आणि पाटीवरच्या ताटलीत तोंड घालून लपलप आवाज करत खायला लागली. बादलीत तो आवाज इतका घुमत होता की भाऊ आतून बघायला आला, मोट चालू झाली की काय.

तात्या त्या दिवशी मुक्कामाला राहिले. कोंबडं मात्र वाचलं.

दोन दिवसांनी इंदापूरला डॉक्टरांनी ताप बघितला, जखम दाबून बघितली, हिरडी बघितली. ती गुलाबी झाली होती. मग लोकरीच्या काठावरून बोट फिरवून म्हणाले, "हे कोणी शिवलं?"

"घरात कुणीतरी," मी म्हणाले.

ते हसले. "आता म्हणतो," म्हणाले. "जगेल."

आता ज्यांच्या घरी अशी शिवलेली कुत्री आहे त्यांना एवढंच सांगते. रोज उजेडात जखम बघा. लाल होऊन फुगली, पाणी आलं, वास आला, कुत्रीनं अन्न टाकलं किंवा हिरडी पांढुरकी झाली, तर डॉक्टरकडं जा. उद्यावर टाकू नका. जखमेवर काही लावू नका, तेल नको, हळद नको, माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तर अजिबात नकोत. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बांधू नका. वास झाकेल असा धूर आणि अत्तर घरात नको. आणि गळ्यातलं काढू नका. त्याची कड लागत असेल तर मऊ कापड शिवा, ताटली उंच ठेवा. तुमची दया तुमच्या हाताला काम देण्यासाठी आहे, नाडा सोडण्यासाठी नाही. हे मला त्या डॉक्टरांनी आणि तात्यांनी शिकवलं. एकानं बादली कापून आणि एकानं घोंगडं कापून. दोघांचेही उपकार आहेत.

गुंजी पुढं बरीच वर्षं जगली. पोटावरची व्रणाची रेघ तेवढी वाकडी राहिली. आत्याबाई ती आल्या-गेल्याला दाखवून सांगायच्या, "सुनंनं शेकली होती." पट्टी कुणाच्या लुगड्याची होती, ते मात्र त्या कधी सांगायच्या नाहीत.

आणि दशक संपता संपता माझीच पाळी आली. गर्भपिशवीत गाठी झाल्या होत्या, बारामतीलाच, माणसांच्या दवाखान्यात, तीच काढून टाकली. घरी आले तेव्हा पोटाला टाके. आत्याबाई सवयीनं शेगडी पेटवून घेऊन आल्या. दारापर्यंत आल्या, बाजेखाली बसलेल्या गुंजीकडं बघितलं, आणि शेगडी तशीच अंगणात नेऊन स्वतःचेच हात शेकत बसल्या. मी औषधं वेळेवर घेत होते, जखमेला हात लावत नव्हते. पण टाके भरून येताना जी खाज सुटते, ती सोसणाऱ्यालाच ठाऊक. मी बाजेवर पडून उंबऱ्याकडं बघत कण्हत होते.

मालक रानात होते. दारात तात्या आले. म्हातारे झाले होते, काठी टेकत आले. माळ्यावरून काढलेली ती निळी बादली त्यांच्या हातात होती, काठावर लोकर तशीच घट्ट. मला वाटलं, आता चौकटीशी बोलतील. ते चौकटीशी बोलले नाहीत. बादली त्यांनी माझ्या उशाशी ठेवली आणि बाजेखाली वाकून गंभीर आवाजात म्हणाले,

"गुंजे, तिला सांग. लईच खाज आली तर हाय हितं."

मी टाक्यांवर दोन्ही हात दाबून हसले. हसताना दुखत होतं आणि थांबता येत नव्हतं. तात्या तोंडावरची रेघ न हलवता उभे होते. गुंजी उठली, तिनं बादली हुंगली, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि तडक घराबाहेर निघून गेली.